मूळ गावाचा शोध

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघतं आहे. मंडळी म्हणाली, "बुवा, तुम्ही वीस वर्षं घराण्याचं मूळ शोधत फिरताय, तेवढं लिहून द्या." आमचं शिक्षण चौथी. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा शुद्धलेखन मंडळींनी बघून घ्यावं. मजकुरात मात्र कागदावर पाहिलेलं कोणतं आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं कोणतं, ते वेगवेगळं सांगितलं आहे.

काही माळकरी विचारतात, वारकऱ्याला कुळ कशाला पाहिजे? आपण एकमेकांच्या पाया पडताना कुळ विचारत नाही. हे खरं आहे आणि तसंच राहावं. पण महिपतीबुवांनी संतांची चरित्रं लिहिली तेव्हा आईबाप, गाव, घराणं सांगितलंच ना? तुकोबारायांची कथा सांगायची तर आम्ही कीर्तनात आधी देहूचे विश्वंभरबुवा सांगतो, त्यांची आई सांगते तशी वारी सांगतो. विठ्ठल त्या घरात आठ पिढ्या आधी आला होता. मोठेपणासाठी कुळ शोधू नये. पण आपण इथवर कुणाच्या जिवावर आलो, हे कळण्यासाठी शोधावं, असं आमचं मत आहे.

आमच्या भावकीत लहानपणापासून एकच ऐकत आलो, आपण चितोडचे. पाच घोडी घेऊन पाच भाऊ आले, त्यातला एक इथं राहिला. पुढं कीर्तनाच्या निमित्तानं गावोगाव फिरलो तेव्हा ध्यानात आलं, की ही पाच घोडी पुष्कळ घराण्यांकडं आहेत. आडनावं निराळी, घोडी तीच. मग मनात आलं, खरं काय ते बघावं. शेतकऱ्याला उन्हाळ्यात दोन महिने सवड असते, त्यात हा छंद लागला.

पहिली विचारपूस हेळव्याकडं केली. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या भागात आणि खाली कर्नाटकात हेळवी येतात, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. सुगी झाली की सजवलेला बैल घेऊन दारात उभे राहतात आणि घराण्याची नावं पिढीवार घडाघडा म्हणतात. कानडीत 'हेळु' म्हणजे सांगणं. 'हेळव' म्हणजे पांगळा असाही अर्थ आहे, आणि आपला मूळ पुरुष पांगळा होता म्हणून आपण बैलावर बसतो, अशी त्यांची स्वतःची कथा आहे. कुठली घराणी कुठल्या हेळव्याची हे त्यांच्यात वाटून ठरलेलं असतं. वह्या मोडीत नाहीतर कानडीत. नवीन जन्मलेला पोरगा वहीत चढवायचा आणि त्याबद्दल जोंधळा, कापडचोपड घेऊन जायचं. आताच्या पोरांना वाटतं कुणी मागायला आला. अरे, तो मागायला नाही, तुझा पणजोबा तुला द्यायला आला आहे.

आमच्या हेळव्यानं चार पिढ्या सांगितल्या: वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. तिथं तो थांबला. म्हणाला, "बुवा, ह्याच्या वरचं आमच्या वहीत नाही. तुमचं घराणं ह्या गावात बाहेरून आलेलं. वरचं दुसऱ्या हेळव्याकडं असणार." कुठून आलेलं, ते त्याच्या वहीत नव्हतं.

ते सापडलं नाशिकला. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडं यात्रेकरूंच्या वह्या पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या आहेत. आपण गाव आणि आडनाव सांगायचं, कोणत्या उपाध्यायाकडं तुमचा मुलूख आहे ते तिथले लोक सांगतात. वहीत आलेल्याचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, पोरांचं नाव. श्राद्धाला आईचं, आजीचं, पणजीचंही नाव घ्यावं लागतं, म्हणून तिथं कधीकधी बायकांची नावंही मिळतात. आमचे आजोबा १९३२ च्या सिंहस्थाला नाशिकला गेले होते. त्यांना लिहिता येत नव्हतं. उपाध्यायांनी लिहून घेतलं आणि खाली आजोबांचा अंगठा. तो अंगठा बघून आम्हांला भरून आलं. कारण आजोबा आम्ही पाहिले ते खाटेवर पडलेले, आणि इथं ते तरणेताठे पायी नाशिकला आलेले. त्या नोंदीत 'हल्ली वस्ती' म्हणून आपलं गाव होतं आणि 'मूळ' म्हणून दुसरंच गाव होतं. चितोड नव्हतं. माणदेशात, आटपाडीच्या बाजूला, आपल्यापासून पायी दोन दिवसांच्या वाटेवरचं.

म्हणजे आजोबांना १९३२ साली मूळ गाव तोंडपाठ होतं, आणि आम्हां नातवांपर्यंत येईतो ते पुसलं जाऊन त्या जागी पाच घोडी आली. एवढ्यात विसरतं माणूस.

इथं एक माहिती सांगतो, शोधणाऱ्याला उपयोगी पडेल. आज आपण सगळे महाराष्ट्र म्हणतो, पण जुने कागद शोधताना त्या काळी गाव कुणाच्या राज्यात होतं ते आधी बघावं. आपला मंगळवेढ्याचा भाग सांगली संस्थानात होता. आटपाडी औंध संस्थानात. जत निराळं संस्थान. पंढरपूर इंग्रजी मुलखात, आणि पलीकडं निजामाची मोगलाई. ही संस्थानं १९४८ साली विलीन झाली. त्याच्या आधीच्या दप्तरांची पद्धत एकसारखी नाही, आणि एका कचेरीत सापडलं नाही म्हणजे कागदच नाही असं समजू नये.

मूळ गावी गेलो. देवळात हरिपाठ चालू होता, तिथंच बसलो. नंतर आडनाव सांगितलं तर चार म्हातारे गोळा झाले. त्या गावात आमच्या आडनावाची तीस-बत्तीस घरं निघाली. सुगीत त्यांचा हेळवी आला तेव्हा त्यांनी निरोप धाडला, आम्ही परत गेलो. त्याच्या वहीत तीन भावांची नावं होती. थोरल्याच्या खाली वंश, मधल्याच्या खाली वंश. धाकटे ते आमचे खापरपणजोबा. त्यांच्या नावाखाली रेघ नव्हती. एक संवत्सर लिहिलेलं, धाता, आणि पुढं एक शब्द: परागंदा.

जुन्या दप्तरात गाव सोडून गेलेल्या माणसाला परागंदा म्हणत. त्या गावातल्या भावकीनं धरूनच चाललं होतं की ती शाखा दुष्काळात संपली. दीडशे वर्षं ज्यांना मेलेलं धरलं त्यांची चाळीस घरं आज इथं आहेत, हे आम्ही सांगितलं तेव्हा एक म्हातारी आमच्या तोंडावरून हात फिरवून रडली.

आता साल कोणतं? संवत्सरं साठ आहेत, तेच नाव साठ वर्षांनी पुन्हा येतं. धाता संवत्सर १८१६ ला होतं, १८७६ ला होतं, १९३६ ला होतं. यातलं कोणतं, ते दुसऱ्या कागदानं ठरवावं लागतं. तो कागद म्हणजे गावचं जन्ममरणाचं बुक. ह्यालाच गाव नमुना चौदा म्हणतात, कुणी कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत आहेत. मोडी वाचता येणारी माणसं कमी उरली होती. २०२३ साली सरकारनं न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा तालुक्यातालुक्यात मोडीवाल्याला भाव आला. आम्ही त्याआधीच एका निवृत्त मास्तरांना हाताशी धरलं होतं. त्यांनी १९१८ सालचं पान वाचलं. पणजोबा मयत, वय पंचेचाळीस, कारण ताप. त्या एका पानावर दोन महिन्यांत ताप, ताप, ताप, एवढाच शब्द. ही मानमोडीची साथ. पंचेचाळीस वजा केले तर पणजोबांचा जन्म १८७३ च्या आसपासचा. घरात म्हातारी माणसं सांगत, की पणजोबा बापाच्या खांद्यावर बसून ह्या गावात आले. म्हणजे १८७६. तीन वर्षांचं पोर.

सालाचा हिशोब सांगून ठेवतो: शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, फसलीत ५९० मिळवले की येतं. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, कारण वर्ष निरनिराळ्या महिन्यात सुरू होतं. आणि एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरावीत. पंधरा पिढ्यांत कुणी हजार वर्षं सांगू लागला तर नमस्कार करून उठावं.

१८७६ चा दुष्काळ म्हणजे शके १७९८. त्या साली पाऊस गेला आणि सोलापूर, सातारा, नगर, पुणे, विजापूर हा सगळा टापू होरपळला. सोलापूर जिल्ह्यात आष्टीच्या तलावाचं काम लोकांना मजुरी मिळावी म्हणून काढलं. तो तलाव आजही आहे. हजारो माणसं जनावरं विकून, घराला कडी लावून बाहेर पडली. कुणी मोगलाईत गेलं, कुणी नदीकाठ धरला. आम्ही बहात्तरला बारा वर्षांचे होतो. खडी फोडली, सुकडी खाल्ली, तांबडी मिलो खाल्ली. पण बहात्तरला निदान रेशन होतं, कामावर पगार होता, आणि आमच्या गावात भुकेनं घर उठलं नाही. धात्याच्या दुष्काळात घरंच्या घरं उठली. ज्यानं एक दुष्काळ भोगला आहे त्यालाच परागंदा ह्या शब्दाचं वजन कळतं.

मग प्रश्न राहिला, हेच गाव का? वाटेत दहा गावं होती. आमच्या पुरुषाचा पाय इथंच का थांबला?

ह्याचं उत्तर कुठल्याच वहीत मिळालं नाही. ते आमच्या शेतातच होतं आणि आम्ही रोज त्यात नांगर धरत होतो. ओढ्याकडच्या आमच्या दोन एकराला आत्याची पट्टी म्हणतात. सातबारावर गट नंबर आहे. एकत्रीकरणाच्या आधी सर्व्हे नंबर होता. आत्याची पट्टी हे नाव कागदावर नाही, फक्त तोंडात आहे. आम्हांला वाटायचं, कुणी एक आत्या असेल. दुसरी गोष्ट, आमच्या चाळीसही घरांत लग्न निघालं की पहिला मान गावातल्या एका दुसऱ्या आडनावाच्या घराचा. ते आमचे भाऊबंद नाहीत. तरी त्या घरच्या सवाष्णीनं हळद लावल्याशिवाय आमच्या नवऱ्यामुलाला हळद लागत नाही. का, ते कुणाला माहीत नव्हतं. पद्धत आहे, एवढंच.

त्या घरातले सर्वांत म्हातारे बाबा तेव्हा नव्वदीला आले होते. ते आम्हांला म्हणाले, "तुमच्या खापरपणज्याची बहीण आमच्या घरात दिलेली होती. दुष्काळात भाऊ बायकापोरासकट दारात आला. घरात आम्हांलाच नव्हतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, माझ्या वाटची भाकर मी त्याला देते. पुढं पाऊस झाल्यावर सासऱ्याकडून ओढ्याकडची पट्टी भावाला कसायला घेऊन दिली. तिथनं तुम्ही."

हे ऐकलेलं आहे, कागद नाही. पण शेताचं नाव, लग्नातला मान, मूळ गावची वही आणि बाबांचं बोलणं, ही चारी एका ठिकाणी येऊन मिळतात. आमचा त्यावर विश्वास आहे.

माउलींनो, आज आमची चाळीस घरं आहेत, दोन-अडीचशे माणसं आहेत. ती सगळी एका बाईच्या अर्ध्या भाकरीवर उभी आहेत. आणि तिचं नाव आम्हांला मिळालं नाही. माहेरच्या हेळव्याच्या वहीत ती नाही, कारण तिथं पोरीची नोंद होत नाही. सासरच्या वहीत ती नाही, कारण तिथं बाईची नोंद होत नाही. जन्ममरणाच्या बुकाची तेव्हाची पानं उरलेली नाहीत. दोन्ही घरांनी तिला आत्या, वहिनी, आजी म्हणून हाक मारली आणि नाव विसरून गेली.

भावकीची बैठक झाली, वंशावळ छापायची ठरली तेव्हा वाद झाला. काहींचं म्हणणं, दुष्काळात भीक मागत आलो असं कशाला छापायचं, चितोडच राहू द्या. आम्ही म्हणालो, बहिणीच्या दारात भाऊ गेला तर ती भीक होत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, वंशावळीत बाई लिहीत नाहीत. त्यावर आमचा थोरला पुतण्या म्हणाला, "काका, झाडाचं मूळच लिहायचं नाही म्हणता, तर मग फांद्या कशाला लिहायच्या?" दोन रात्री बोलणं चाललं. अखेर ठरलं. आमच्या वंशावळीत सर्वांत वर खापरपणजोबांचं नाव आहे आणि त्यांच्या शेजारी 'आत्याबाई' असं लिहिलं आहे. काही घरांना ते अजून रुचलेलं नाही. रुचेल.

ह्या कामात एक गोष्ट फार बोचली तीही लिहितो. तलाठ्याकडचे जुने फेरफार वाचताना पुरुषांची नावं पानोपानी मिळतात, अमका मयत, वारस मुलगे तमके. बहिणींची नावं क्वचित. १९५६ चा वारसा कायदा आला, मुलींचा हक्क मानला गेला, आणि त्यानंतरच्या फेरफारांत बहिणींची नावं दिसू लागली. वाचून बरं वाटलं. पण पुढचं पान उलटलं की हक्कसोड पत्र. अमकी, तमकी, ह्यांनी भावांच्या लाभात हक्क सोडला, अंगठा. आमच्या सख्ख्या आत्यांची पूर्ण नावं आम्हांला सापडली ती अशा कागदावर. कागदात त्या आल्याच मुळी सोडून जाण्यासाठी. कायदा काय सांगतो आणि कुणी काय करावं, हे आम्ही इथं सांगत नाही. फक्त एवढंच म्हणतो, की वंशावळ शोधणाऱ्यानं हक्कसोड पत्रं जरूर बघावीत. आपल्या घरच्या लेकी तिथं भेटतात.

संतांच्या घराण्यांकडं बघितलं की वाटतं, आपल्या संप्रदायानं हे किती आधी ओळखलं होतं. नामदेवरायांचं घर सांगताना आपण दामाशेटी सांगतो तशी आई गोणाई सांगतो, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, सून लाडाई सांगतो. आणि जनाबाई रक्ताची कुणीच नसून त्या घरातली पहिली. आपल्या मंगळवेढ्याचे चोखोबा. त्यांची सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा. त्या काळी ज्यांना गावात जागा नव्हती त्या घराची वंशावळ सातशे वर्षांनी आपल्याला नावानिशी पाठ आहे, आणि वतनदारांच्या घरच्या बायकांचं एक नाव सापडत नाही. कारण सोपं आहे. संतांच्या घरातल्या बायका अभंग करून गेल्या आणि अभंगात आपलं नाव घालून गेल्या. तुकोबारायांच्या घरी तीन लेकी, काशी, भागीरथी, गंगा, त्यांचीही नावं वारकऱ्याला येतात. तुकोबारायांच्या घरावरही दुष्काळ आला होता, त्यात पहिली बायको रखुमाबाई गेली. तिचंही नाव आपण विसरलो नाही.

आता आपल्या दिंडीचं. दिंडीची पहिली वही ट्रंकेत आहे ती बऱ्याच जणांनी पाहिली नसेल. मानमोडीनं गावातली घरं मोकळी केली, त्यानंतर थोड्या वर्षांतच ही दिंडी निघाली. काढणाऱ्यांत आमचे आजोबा होते. मानमोडीत बाप गेलेला तरणा पोरगा. त्या वहीत भिशीचा हिशोब आहे: कुणी किती पायली जोंधळा दिला, कुणी गूळ, कुणी शेंगा. आणि तुळस कुणी घेतली, पाण्याची घागर कुणी घेतली, त्यांची नावं आहेत. तिथं बायकांची नावं नवऱ्याच्या नावाशिवाय आहेत. आमच्या पणजीचं नाव आम्हांला तिथं मिळालं, पुढं एक पायली जोंधळा. नवरा मानमोडीत गेलेला, पदरात चार पोरं, आणि एक पायली दिंडीला. सरकारी कागदात ती पणजोबांची बायको आहे. दिंडीच्या वहीत ती ती आहे. म्हणून शताब्दी मंडळाला आमची विनंती, की त्या वहीचे फोटो काढून ठेवावेत. कागद वाळवीला लागला आहे. गावातल्या निम्म्या घरांच्या आज्या-पणज्या त्यात आहेत.

तरुण मंडळींना शेवटी चार गोष्टी सांगतो. पहिली, घरात नव्वदीचं माणूस असेल तर आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसा. कागद दहा वर्षांनीही मिळेल, माणूस मिळणार नाही. आम्हांला आत्याबाई सांगणारे बाबा त्यानंतरच्या कार्तिकीला गेले. दुसरी, शेताची नावं, विहिरीची नावं, लग्नातले मान, कोणत्या देवाला कोण नारळ देतं, हे लिहून काढा. ज्याचं कारण माहीत नाही ते आधी लिहा. तिसरी, हेळवी दारात आला तर बसवा, चहा पाजा, आपल्या पोरांची नावं चढवा आणि पोरींचीही चढवायला सांगा. आमच्या हेळव्यानं पहिल्यांदा नाही म्हटलं, मग हसून लिहिलं. आमची नात आता त्याच्या वहीत आहे. चौथी, सापडेल ते थोरवीचं असो की नसो, आहे तसं लिहा.

येत्या वारीला मूळ गावची दिंडी आणि आपली दिंडी वाखरीच्या मुक्कामाला भेटणार आहे. भावकी दीडशे वर्षांनी एका पंगतीला बसेल. त्या पंगतीत पहिलं पान आत्याबाईच्या सासरच्या घराला वाढायचं ठरलं आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं.

काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर पोटात घालावं.

॥ राम कृष्ण हरी ॥